दोन घोटांची कॉफी

आमच्या घरात शुक्रवार हा ऐकण्याचा वार होता. बाकीचे सहा दिवस भिवंडीतल्या टेमघरच्या त्या चाळीत कुणाला काही ऐकू येत नसे, आणि कुणी तशी अपेक्षाही ठेवत नसे. भिंतीच्या पलीकडे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, गटाराच्या पलीकडे लूम, मागच्या गल्लीत लूम. खटखट हा शब्द पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात तो आवाज कानांपेक्षा दातांत जास्त बसायचा. मांडणीवरची भांडी दिवसभर बारीक थरथरत राहायची आणि तांब्यातल्या पाण्यावर सारख्या गोल रेघा उमटायच्या. पाहुणे दोन तासांत डोकं धरून बसत. आम्हाला त्रास व्हायचा तो शुक्रवारी. कारखान्यांना सुट्टी असायची, आणि सकाळी एकदम जाग यायची, कुणीतरी घरातलं काही उचलून नेल्यासारखी. आई होती तोवर शुक्रवारी ती मुद्दाम बडबडायची. आठवडाभराचं बोलणं साठवून ठेवलेलं असायचं तिने. कुणाची सून कशी, कुणाच्या बोंबलांना वास कसा येतो, मी वेणी कशी गबाळ्यासारखी घालते, असं सगळं. आई गेली आणि शुक्रवार नुसता रिकामा राहायला लागला.

बाबा जॉबर होते. लूम नीट चालत नसला की त्याला बघायला जो माणूस येतो तो जॉबर. चाळीस-पन्नास लूम एकदम धडधडत असताना दारात उभं राहून बाबा सांगायचे, तिसऱ्या ओळीतला शेवटून दुसरा बघा, त्याची कांडी आपटतेय. सेठ त्यांना मानायचे ते याच कानांसाठी. पण ज्या आवाजाने पोट भरलं त्यानेच कान खाल्ले. आधी उजवा गेला, मग डावा, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण लूमवर काम करणारे सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. समोर उभं राहिलं तर बाबांना सगळं कळायचं. पाठमोरे असले की काही नाही. एकदा त्यांनी चांगल्या लूमला खोललं आणि बिघडलेला तसाच धडधडत राहिला, तेव्हा सेठने त्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. बाबा घरी आले, पान्हे-हातोड्यांची पिशवी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, "आज लवकर आलो." त्यानंतर ते कधी गेलेच नाहीत.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. दहावी झाली होती, पुढचं अधांतरी होतं. घरात आम्ही दोघंच. मी चुलीकडे तोंड करून काही बोलले तर ते माझं मलाच. भाकरी थापताना मी मोठ्याने बोलायची, आईची नक्कल करायची, तिच्यासारखं पुटपुटायची, आणि मागे वळले की बाबा खाटेवर बसून स्वतःच्या तळव्याकडे बघत असायचे. रात्री जवळा-वांगं, नाहीतर चिंचेतलं कालवण आणि तांदळाची भाकरी. चव कशी झालीय हे सांगायला कुणी नाही. बाबा जेवून ताट धुवून ठेवायचे, एवढीच त्यांची पावती. आज माझा मुलगा म्हणतो, आई तू एकटी असलीस तरी बोलत असतेस. त्याला काय सांगू, मला ती सवय एकटी नसताना लागली आहे.

मशीन आलं ते रहीमचाचांच्या भंगारातून. चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसायचे. जुने लूम, पत्रे, बाटल्या, काय वाट्टेल ते घ्यायचे. मुंबईतलं कुठलंसं जुनं हॉटेल बंद झालं आणि त्याचा माल टेम्पो भरून त्यांच्याकडे आला. त्यात हे होतं. पितळेचं उभं नळकांडं, काळंठिक्कर पडलेलं, वर गोल झाकण, पुढे एक लांब लोखंडी दांडा आणि त्या दांड्याला लाकडी मूठ. अंगावर परदेशी अक्षरं कोरलेली, अर्धी झिजलेली. चाचा म्हणाले, "कॉफी का है, साहब लोग का. चलता था या नहीं, अल्ला जाने." बाबांनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं आणि दांड्याची मूठ धरून उभे राहिले. सेठच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघांनी तशा जातीचं एक मशीन लांबूनच पाहिलं होतं. कल्याणहून मागवलेलं. वाफ फुसफुसायची, पेल्यात पांढरा फेस फुगून यायचा, वर चॉकलेटची पावडर भुरभुरायची, आणि जेवणाची पंगत सोडून लोक त्याच्यापुढे रांग लावायचे. एस्प्रेसो कॉफी! ज्याच्या लग्नात ती नाही त्याने काय लग्न केलं, असे ते दिवस होते. बाबांनी घरातले लूमचे जपून ठेवलेले सुटे भाग चाचांना दिले आणि मशीन डोक्यावर घेऊन घरी आले.

मी मशीनवर चिडले, खोटं कशाला बोलू? घरात बसायला धड जागा नाही आणि हे पितळेचं धूड आईच्या मांडणीपुढे येऊन बसलं. वाफेची नळी कुणीतरी केव्हाच कापून नेली होती. बाबांनी त्या भोकात बोल्ट ठोकून ते बंद केलं. म्हणाले, "गेलं ते गेलं. हा दांडा हाय ना, फेस ह्यातनंच येत असनार." आता हसू येतं; दुधाला फेस आणते ती त्या कापलेल्या नळीतली वाफ. आम्ही दोघांनी, एका बहिऱ्या जॉबरने आणि दहावी पास पोरीने, न चाखलेल्या पदार्थाचं मशीन दुरुस्त करायला घेतलं होतं.

त्यातच गणपतीला मामा आला, पेणहून. मामा वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते, कारण मी पुष्कळ वर्षं त्याला वाईट ठरवून ठेवलं होतं. आईचा तो एकुलता भाऊ. त्याने घर पाहिलं, मला पाहिलं, आणि जेवण झाल्यावर बाबांच्या अगदी समोर बसून सावकाश बोलला, एकेक शब्द ओठांवर दिसेल असा.

"दाजी, राग मानू नका. पोर मोठी झाली. दिसभर घरात एकटी. उद्या हिनं हाक मारली त ऐकनार कोन?"

"हाय ना मी," बाबा म्हणाले.

"तुमी हायसा. मी काय न्हाय म्हनतो? पन ऐकनार कोन?"

 बाबा मशीनकडे बोट करून म्हणाले, "तुलशीच्या लग्नापरेंत थांब. हे मशीन चालू झालं का मी लग्नांना कॉफी द्यायला जाईन, नलूला संगती नेईन. हिच्या कानांबिगर मला ते चालवता येनार न्हाय. मंग ही एकटी कशी राहील?"

मामाने मशीनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वाचलं आणि बाबांनीही वाचलं असणार. पण तो म्हणाला, "बरं. तुलशीचं लग्न. न्हाय जमलं त मी हिला घेऊन जानार, आनि तुमी आडवं यायचं न्हाय." बाबांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. पेणच्या घरात मामी होती, चार पोरं होती, अंगण होतं, गडबड होती. तिथे मी एकटी पडले नसते, हे मलाही कळत होतं. पण बाबा पडले असते. तेव्हापासून त्या मशीनवरचा माझा राग गेला. ते चाललं तर मी घरात, नाही चाललं तर पेणला; एवढा सरळ हिशोब होता.

गणपती ते तुळशीचं लग्न, नऊ-दहा शुक्रवार मिळतात. सांगायचं कारण असं की मशीन खोलायचं-जोडायचं काम कुठल्याही दिवशी व्हायचं, पण पेटवून बघायचं फक्त शुक्रवारी. बाकीच्या दिवशी लूमच्या दणदणाटात त्याच्या पोटात काय चाललंय ते मला ऐकू आलं नसतं. बाबांची त्यांची युक्ती होती. सुताचा एक धागा चिमटीत धरून ते सांध्यासांध्यावरून फिरवायचे. जिथे धागा फडफडला तिथे वाफ गळतेय. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसालाच ही बुद्धी. पण धागा बाहेरची गळती सांगतो, आतली नाही. आतली मी सांगायची. कान लावून बसायचं, गुळगुळ झाली की एक बोट वर, सूं झालं की दोन बोटं.

पहिले दोन आठवडे मशीनच्या पोटातल्या पाण्याच्या टाकीतच गेले. आत खडूसारखा पांढरा थर बोटभर जाड बसला होता. चिंचेचं पाणी आणि मीठ घालून मी तीन दिवस ते उकळलं. घरभर आंबूस वाफ झाली, शेजारच्या बाईने विचारलं, अगं नलू, लोणचं घालतेस का. चौथ्या दिवशी तो थर खपल्या होऊन निघाला. मग बाबांनी टाकी कल्हईवाल्याकडे नेऊन आतून कल्हई करून आणली, पातेल्याला करतात तशी. तांब्याच्या टाकीच्या पोटात तो चंदेरी उजेड पाहून बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. खाली गॅसची चूल होती ती गंजून गेली होती. तिथे त्यांनी आमच्या जुन्या स्टोचा बर्नर बसवला, पंप मारायचा, रॉकेलवर चालणारा. दाब दाखवणाऱ्या काट्याची काच फुटली होती, पण काटा शहाणा होता. जास्तीची वाफ सोडणारा झाकणावरचा व्हॉल्व्ह बाबांनी चार वेळा खोलून घासला. म्हणाले, "हा अडकला त आपन दोघं छपरावर."

खरी अडचण दांड्याच्या आत होती. दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या वर जातो, त्याच्यावरची जबर स्प्रिंग दाबली जाते आणि खाली गरम पाणी भरतं. मग स्प्रिंग दट्ट्याला खाली ढकलते, पाणी कॉफीतून पेल्यात उतरतं आणि दांडा आपोआप वर येतो. हे सगळं आज चार ओळीत लिहिलं, तेव्हा ते समजायला तीन शुक्रवार लागले. दट्ट्याभोवतीचे वायसर सडून त्यांचा चिखल झाला होता. तसले वायसर भिवंडीत कुठून मिळणार? बाबांनी लूमच्या पट्ट्याचं जाड चामडं घेतलं, आईच्या वाटीने त्यावर गोल आखला आणि रापीने कापून वायसर केले. आणि सवयीप्रमाणे लूमच्या तेलात भिजवले. पुढच्या शुक्रवारी मशीनमधून जे पाणी आलं त्याला कारखान्याचा वास होता. बाबांनी तो पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मीच तो काढून घेतला. चामडं राखेने धुतलं आणि खोबरेलात घातलं.

आणि मग तो शुक्रवार, ज्या दिवशी रक्त निघालं. आम्ही डब्यातली कॉफी आणली होती, पाण्यात विरघळते ती, कारण कॉफी म्हणजे तीच हे आम्हाला ठाऊक. दट्ट्याखाली अडकवायच्या चाळणीत दोन चमचे घातली. काटा चढला. बाबांनी दांडा खाली ओढला. आता लूमचा दांडा कसा असतो, तो एकदा झटक्यात ओढला की लूम सुरू होतो आणि माणूस हात सोडून पुढच्या लूमकडे जातो. तीस वर्षं त्या हाताने तेच केलेलं. कॉफी क्षणात विरघळून वाहून गेली, स्प्रिंगला अडवायला खाली काहीच उरलं नाही, हे मला आवाजावरून कळलं आणि मी ओरडले, "बाबा, हात सोडू नका." ते मशीनवर वाकलेले होते, त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. त्यांनी हात सोडला. दांडा सुसाट वर आला आणि हनुवटीवर बसला.

ओठ फाटला, एक दात गेला. मी हळद दाबून धरली होती. मामाचं वाक्य मला आठवत होतं. ते बाबांनाही आठवत असणार. हाक मारली, ऐकणारा ऐकू शकला नाही. बाबांनी तोंडावरचं फडकं बाजूला केलं, माझा हात धरला आणि तो स्वतःच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला. म्हणाले, "हितं ठेव. थांबवायचं असल त दाब." 

त्यानंतरचे सगळे शुक्रवार माझा हात तिथे होता. ते पुढे वाकून काम करायचे, मी मागे उभी राहून कान देऊन ऐकायची आणि तळहाताखाली त्यांचा सदरा, घाम, श्वास. वयात आलेल्या मुलीला आमच्याकडे बाप जवळ घेत नाही. आई गेली तेव्हाही त्यांनी मला जवळ घेतलं नव्हतं; ते एका भिंतीला टेकून बसले होते, मी दुसऱ्या. मशीनच्या निमित्ताने मला ती पाठ मिळाली. कधी कधी काहीच आवाज नसताना मी उगीच थोडी दाबायची, आणि बाबा थांबून मागे बघायचे, आणि मी मान हलवून सांगायची, नाही, काही नाही, चालू द्या. त्या दोन महिन्यांइतकी मी आयुष्यात कुणाला उपयोगी पडले नाही, असं मला आजही वाटतं.

रहीमचाचांनी कोडं सोडवलं. "अरे, वो डब्बेवाली नहीं डालते थे. दाने पीसते थे, दाने," ते म्हणाले. मग मी कल्याणला जाऊन एका मद्राशाच्या दुकानातून भाजलेले दाणे आणले. पिठाच्या गिरणीवाल्याने वासाला नाक मुरडून हाकलून दिलं. शेवटी आईच्या पितळी खलबत्त्यात कुटले आणि मांजरपाटाच्या तुकड्यातून चाळले, अगदी बारीक, काजळासारखे. ती पूड मशीनच्या चाळणीत भरून वर बत्त्याच्या बुडाने दाबली. तुळशीच्या लग्नाआधीचा तो शेवटचा शुक्रवार होता. मामा रविवारी येणार होता.

स्टोला पंप मारला. काटा चढू लागला. व्हॉल्व्हने बारीक सूं केलं, मी दोन बोटं दाखवली, बाबांनी आच कमी केली. बाहेर सगळी गल्ली गप्प. त्यांनी दांडा ओढला, खाली थोपवून धरला, माझ्या तळहाताखाली त्यांनी श्वासही रोखलेला. आत पाणी भरल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी हात हलका केला. बाबांनी दांडा थोडा सैल सोडला, आणि या वेळी तो उसळला नाही. आपल्या आपण, शांतपणे वर जायला लागला. कुठेही गळती नाही. धागा फडफडला नाही. चाळणीच्या तोंडातून एक बारीक काळसर धार निघाली, काकवीसारखी दाट, आणि कपात पडून तिच्यावर तांबूस साय आली. मग धार पिवळट झाली आणि थांबली. दांडा पूर्ण वर जाईपर्यंत बाबांनी मुठीवरचा हात काढला नाही.

कपात दोन घोट होते. आम्ही आणखी येईल म्हणून थांबलो. काही आलं नाही. पांढरा फेस नाही. पेलाभर नाही. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि कप माझ्याकडे दिला. मी ओठ लावला. मेला काढा होता तो. कडू, इतका कडू की कानशिलापर्यंत गेला. दूध नाही, साखर नाही, लग्नात पाहिलेल्या त्या कॉफीशी त्याचं काही नातं नाही. जळलंय, मला वाटलं. टाकीत जळतंय आणि वाट कुठेतरी तुंबलीय, म्हणून इतकंसं आलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझे कान त्यांनी मानले होते, तेव्हा माझी जीभही मानली. मी मान हलवली. नाही.

बाबांनी कप माझ्या हातातून घेतला, उरलेलं पिऊन टाकलं, आणि पाना उचलला. शनिवारभर त्यांनी मशीन खोललं. वाट कुठेच तुंबलेली नव्हती. रविवारी मामा आला तेव्हा सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले होते, स्प्रिंग, दट्ट्या, चाळणी, आणि मध्ये बाबा बसलेले. मामा काही बोलला नाही, तो त्याचा मोठेपणा. बाबाच म्हणाले, माझ्याकडे बघून, "न्हाय जमलं, पोरी." मी पत्र्याची पेटी भरली. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत, खाली बसून एकेक भाग पुसत राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारली नाही, कारण ऐकू येणार नव्हती. आणि चार पावलं आत जाऊन पाठीवर हात ठेवायचा, तर मामा बघत होता. लाजले मी. आजवर ज्या गोष्टींची मला लाज वाटते त्यांत ती लाज सगळ्यात वरती आहे.

पेणला मी सुखात होते. मामीने मला पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिथूनच लग्न झालं, कल्याणला आले. बाबा पुढे दापोड्याला एका गोदामावर राखणीला लागले. सणावारी मी भेटायला जायची, समोर बसून सावकाश बोलायची. ते ओठ वाचायचे, मान हलवायचे. मशीनचा विषय आम्ही दोघांनी काढला नाही. ते गेले तेव्हा खाटेखाली गोणपाटात ते सापडलं. प्रत्येक भाग वेगळ्या कोऱ्या कापडात गुंडाळलेला. दट्ट्याचे वायसर एका डबीत, खोबरेलात बुडवलेले, आणि तेल स्वच्छ होतं, वासही आला नव्हता. चामडं वाळू नये म्हणून त्याला दर महिन्या-दोन महिन्याला तेल द्यावं लागतं, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. गोणपाट माळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं, तीस वर्षं म्हणा.

आता मी परत टेमघरला राहते. चाळीच्या जागी इमारत झाली, त्यात दोन खोल्या वाट्याला आल्या. गल्लीतले लूम बरेच मोडीत गेले; शुक्रवार आणि सोमवार यांत पूर्वीइतका फरक उरला नाही. मुलगा मयूर बाबांच्याच दापोड्यात गोदामात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने मला वडप्याच्या पुढे हायवेवर एका काचेच्या कॉफीच्या दुकानात नेलं. यादीतली नावं कळेनात, वरचं पहिलं एस्प्रेसो तेवढं ओळखीचं, म्हणून मी तेच सांगितलं. काउंटरवरची पोरगी भली होती. म्हणाली, "आंटी, ये एकदम छोटा आता है. दूध-शक्कर नहीं, कडवा लगेगा. चलेगा ना?"

बोटभर कप आला. आत दोन घोट. वर तांबूस साय. मी ओठ लावला आणि मला आईची मांडणी दिसली, वर्तमानपत्र दिसलं, पाना दिसला. तीच ती. कानशिलापर्यंत जाणारी तीच. मी त्या पोरीला विचारलं, "इतनीच होती है?" ती हसून म्हणाली, "हां आंटी, इतनी ही होती है." मयूर घाबरला, कारण मी रडत होते आणि मला थांबता येत नव्हतं. त्याला वाटलं, तोंड भाजलं.

घरी येऊन मी गोणपाट खाली काढलं. चामडं दगड झालं होतं. आठवडाभर खोबरेलात ठेवलं, रोज बोटांनी चोळलं, तेव्हा ते हळूहळू मऊ झालं. मयूरने मोबाइलवरून रबरी वायसर मागवून दिले, ते मी तसेच ठेवलेत. बाबांनी आईच्या वाटीने आखलेला गोल अजून बरोबर बसतो. टाकीत चिंच उकळली, स्प्रिंगला तूप लावलं, खालचा बर्नर आता गॅसचा आहे. जोडायला मला कुणाची मदत लागली नाही. प्रत्येक भाग कुठे जातो ते हातांना माहीत होतं.

दर शुक्रवारी मी ते पेटवते. माझेही कान आता कमी झालेत. व्हॉल्व्हचं सूं ऐकू येत नाही, म्हणून धागा धरते. दांडा ओढते, थोपवते, आणि तो पूर्ण वर जाईपर्यंत मूठ सोडत नाही. मग म्हणते, जमलं होतं, बाबा. मोठ्याने म्हणते, मयूर कामावर असतो, घरात कुणी नसतंच. कॉफी मला अजूनही आवडत नाही, कडूजहर लागते. पण त्या शुक्रवारी बाबांनी कप माझ्या हातातून घेऊन रिकामा केला होता. कशाला वाया घालवा म्हणून, असं मी इतकी वर्षं धरून चालले. त्यांना ती आवडली होती का, हे मी तेव्हा समोर उभी राहून विचारलं असतं तर त्यांनी ओठ वाचून सांगितलं असतं. मी कप तोंडाला लावते आणि दोन्ही घोट पिते.